इंजिनापाशी एकाच माणसाचे हात

वस्ताद कुणाला तोंडानं 'बाजूला व्हा' म्हणत नसत. ते मागून येत, दोन्ही खांदे धरत आणि घरातलं एखादं स्टूल सरकवावं तसं त्या माणसाला हातभर सरकवत. "हितं न्हाई. हितं." मग पुढच्याकडे वळत. असं त्यांनी आमच्या प्राचार्यांना सरकवलं, एका नगरसेवकांना सरकवलं आणि एकदा माळावर चरत चरत विमानापाशी आलेल्या म्हशीलाही, तेवढ्याच गंभीरपणे, शिंगाला धरून सरकवलं.

सरकवण्याचं कारण साधं होतं. ती सगळी मंडळी विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या रेषेत उभी होती. "पंखा तुटला तर तुकडा पुढं जात न्हाई, मागं बी जात न्हाई. कडंला जातो. आन कडंला नेमका पावना उभा असतो."

मी नगरला, सावेडीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे लहान विमानांचा छंदवर्ग होता. लहान म्हणजे किती, ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं खेळण्यातलं असेल. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसाच्या छातीच्या उंचीएवढी लांबी भरेल इतकं विमान, हलक्या लाकडाचं. नाकावर मुठीत मावेल एवढं इंजिन. पण ते मुठीतलं इंजिन लाकडी पंखा मिनिटाला दहा हजार वेळा फिरवतं. फिरताना पंखा दिसत नाही. हवेत धुरकट काच धरल्यासारखं काहीतरी दिसतं, आणि माणसाला त्यात हात घालून बघावंसं वाटतं. हे वाटणं मी स्वतः अनुभवलं आहे.

वस्ताद या वर्गाला शिकवायला दर शनिवारी सकाळी येत. मूळचे मिरजगावचे. लष्करात सोळा वर्षं त्यांनी अशीच, जरा मोठी विमानं चालू करून दिली होती. तोफांच्या सरावासाठी ती आकाशात सोडत आणि खालून त्यांच्यावर नेम धरत. "माझं एकबी विमान म्हातारं झालं न्हाई, मॅडम," असं ते सांगत. सांगताना हसत, पण थोडं उशिरानं. निवृत्त झाल्यावर नगरमध्येच घर केलं. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नीला मी भाभी म्हणायची. वस्तादांना मात्र कॉलेजात कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. मुलंमुली, शिपाई, प्राचार्य, सगळ्यांचे ते वस्ताद.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या ओढणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी अवघडले.

"ही कमरंला बांधा, न्हायतर घरी ठिवा."

मग मुलांकडे वळून त्यांनी सगळ्यांच्या गळ्यातली ओळखपत्रांची पट्टी काढायला लावली. एका मुलीची लांब वेणी शर्टाच्या आत घालायला लावली. हे सगळं होईपर्यंत अर्धा तास गेला आणि विमान अजून डब्यातच होतं. एकानं कुरकुर केली. वस्ताद म्हणाले, "घाई हाय का? मग घरी जा. घरी कायबी फिरत न्हाई."

इंजिन चालू करण्याची त्यांची एक रीत होती आणि तिच्यात कधी फरक पडला नाही. आधी जमिनीत लोखंडी खुंटी ठोकायची आणि विमानाची शेपटी दोरीनं तिला बांधायची. शिवाय एका माणसानं मागून धरायचं. पंखा उन्हात धरून दोन्ही पात्यांवरून नख फिरवायचं. केसाएवढी चीर लागली तरी तो पंखा गुडघ्यावर मोडून टाकायचा, म्हणजे दुसरा कुणी चुकून लावणार नाही. बॅटरी न जोडता पंखा हातानं दोनदा फिरवायचा. हे फिरवताना ते मान तिरपी करत, आजाऱ्याच्या पोटावर बोटं वाजवून बघणाऱ्या डॉक्टरासारखी. "भिजलंय," म्हणत. किंवा "उपाशी हाय." तेल जास्त झालं की कमी, हे त्यांना बोटांतून कळे. मग कुठे बॅटरीची क्लिप जोडायची आणि पंख्याला झटका द्यायचा. तोही बोटानं कधी नाही. झाडूच्या दांड्यावर बागेतल्या पाइपाचा तुकडा चढवून केलेली एक काठी होती, तिनंच. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा मुलींसमोर बोटानं झटका मारून दाखवला आणि महिनाभर काळं नख घेऊन हिंडले. वस्तादांनी त्यांना औषध सांगितलं, पण काठीला हात लावू दिला नाही.

आणि शेवटचा नियम. "इंजिनापाशी एकाच मानसाचे हात. दुसरा कितीबी शहाना असू दे, त्यानं हात मागं बांधायचे." इंजिन पेटलं की क्लिप काढायची असते, सुई फिरवून तेल कमी-जास्त करायचं असतं. हे सगळं पंख्याच्या मागून हात नेऊन करायचं, आणि करणारा एकच. त्याला जमत नसेल तर त्यानं इंजिन बंद करावं. मदतीला दुसरा हात नको. चार वर्षांत मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकले असते.

आता जे सांगायचं आहे त्यात मी कमीजास्त करणार नाही.

पाचव्या वर्षीच्या मे महिन्यात, माळावर चहा पिताना, वस्तादांच्या हातातला कागदी कप हलताना मला दिसला. थोडा चहा मनगटावर सांडला. त्यांनी कप उजव्या हातातून डाव्यात घेतला आणि उजवा हात खिशात घातला.

मी विचारलं, "वस्ताद, बरं नाही का?"

"थंडी वाजती जरा."

मे महिन्यातलं नगर ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काही सांगायला नको. माळावरची कुसळंही तेव्हा तापलेली असतात. मी म्हणाले, "हो का," आणि माझा चहा संपवला.

जुलैमध्ये वर्ग सुरू झाला तेव्हा त्यांनी इलेक्ट्रिक स्टार्टर आणला. दंडगोलाकार मोटर, पुढे रबरी वाटी. ती वाटी विमानाच्या नाकावर दाबायची, बटण दाबायचं, मोटरच इंजिनाला फिरवते. आधी वस्तादांना हे यंत्र आवडत नसे. "ह्याला इंजिनाचं दुखनं कळत न्हाई, नुसतं दामटतं," म्हणायचे. आता स्वतःच घेऊन आले म्हटल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. वस्ताद मॉडर्न झाले! वस्तादही हसले. स्टार्टर जड असतो, तो दोन्ही हातांनी धरतात. दोन हातांनी धरलेली जड वस्तू कमी थरथरते. हे मला त्याच दिवशी कळलं. मी शेवटी भौतिकशास्त्राची शिक्षिका आहे.

कळूनही मी बोलले नाही. का नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. वस्तादांनी काम सोडलं असतं तर वर्ग बंद पडला असता, हे एक. दुसरं म्हणजे, त्या शनिवारच्या सकाळी मला फार प्रिय होत्या. आठवडाभर फळ्यावर काढलेल्या बलांच्या बाणांचं तिथे खरोखर विमान होत असे. आणि तिसरं सांगायला लाज वाटते. मला वाटलं, ते इतके काळजी घेणारे आहेत, त्यांच्या हातून काही होणार नाही.

डिसेंबरातली गोष्ट. स्नेहसंमेलनात विमान उडवून दाखवायचं ठरलं होतं, त्याची तालीम. पिवळं विमान, नवं. मुलंमुली मागे ओळीत उभी. खुंटी ठोकलेली, दोरी बांधलेली, शेपटी माझ्या हातात. वस्तादांनी स्टार्टर लावला, इंजिन पहिल्याच खेपेला पेटलं. या इंजिनांच्या तेलात एरंडेल असतं, त्याच्या धुराचा वास पसरला. त्यांनी स्टार्टर खाली ठेवला आणि क्लिप काढायला पंख्याच्या मागून उजवा हात नेला.

क्लिप निघेना.

त्यांची बोटं क्लिपवर जात, घसरत, परत जात. हात जसजसा ताब्यात ठेवायचा प्रयत्न करत तसतसा तो जास्त हलू लागला. क्लिप आणि पंखा यांच्यात चार बोटांचं अंतर असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे क्लिपवर नव्हते, माझ्यावर होते. तेवढ्यात मागे कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. कंटाळलेल्या मुलांचं असतं तसं. पण वस्तादांनी ते ऐकलं, आणि त्यांनी ऐकलं हे मी पाहिलं.

मी शेपटी सोडली, पंखाला वळसा घालून पुढे झाले आणि क्लिपकडे हात नेला.

हसणं ऐकून त्यांची नजर मुलांकडे गेली होती, मी आलेलं त्यांना कळलंच नाही. त्यांच्या हाताला झटका बसला, तो माझ्या हातावर आदळला आणि माझा हात पुढे गेला.

आवाज बदलला एवढंच मला समजलं. दुखलं नाही. विमानाच्या पिवळ्या पंखावर लाल ठिपक्यांची ओळ उठली. ती कशाची, हे माझ्या पटकन लक्षात आलं नाही. वस्तादांनी तेलाची नळी चिमटीत दाबली. इंजिन थांबलं. मुलांकडे न बघता ते ओरडले, "जागेवर ऱ्हावा! कुनी हलायचं न्हाई!" खिशातल्या रुमालानं त्यांनी माझं मनगट आवळून बांधलं. गाठ बसली आणि घट्ट बसली. मग ते गुडघ्यांवर बसून गवतात शोधू लागले. काय शोधतायत ते मला रिक्षात बसल्यावर समजलं.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची दोन पेरं गेली. जोडता आली नाहीत.

प्राचार्य दवाखान्यात आले तेव्हा मी सांगितलं, "चूक माझी आहे. वस्तादांचा नियम आहे की दुसऱ्यानं हात घालायचा नाही. मी घातला." हे खरंच होतं. मुलांनीही तेच पाहिलं होतं आणि तेच सांगितलं. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. प्रकरण तिथेच मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी स्वतः कॉलेजात जाऊन एक अर्ज दिला. दुसऱ्याकडून लिहून घेता आला असता, पण स्वतःच्या हातानं लिहिला होता. तो मी नंतर वाचला. अक्षरं ओळ सोडून खाली उतरली होती. लिहिलं होतं की, माझ्या हाताला कंप आहे. आठ महिने झाले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आहे. मी ही गोष्ट कॉलेजपासून लपवली. मॅडमचा हात माझ्या हातामुळे गेला. त्यांचा दोष लिहू नये.

संध्याकाळी ते दवाखान्यात आले. भाभी दारातच थांबल्या. वस्ताद पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. उजवा हात त्यांनी डाव्यानं धरून ठेवला होता. आता लपवत नव्हते.

"मॅडम, खडू कोनत्या हातात धरता?"

"उजव्या."

ते खाली फरशीवरच बसले. खुर्ची होती तरी.

अर्जाचं माझ्या कानावर आलं होतं आणि मी चिडले होते. "कशाला लिहून दिलंत? मी सांगितलं होतं ना माझी चूक आहे म्हणून? नियम मी मोडला."

"तुमी हात घातला, कारन माझा चालंना. तुमचा नियम नंतर मोडला. माझा आधी."

मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वस्ताद, मला दिसत होतं. मे महिन्यापासून. मी बोलायला पाहिजे होतं."

बाहेर भाभी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या.

"मला ठावं हुतं, तुमाला ठावं हाय ते," ते म्हणाले. "दर शनवारी घरनं निघताना वाटायचं, आज मॅडम बोलतील. बोलल्या की सोडायचं. तुमी बोलला न्हाईत. मग मी बी..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही. आजही ते तसंच आहे.

कॉलेजनं वर्ग बंद केला. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही, मी प्राचार्य असते तर हेच केलं असतं. विमानं प्रयोगशाळेमागच्या खोलीत गेली. मी मधलं बोट आणि अंगठा यांत खडू धरायला शिकले. पहिले काही महिने माझे बाण वाकडे येत आणि वर्गात कुणीही हसत नसे. ते न हसणं सोसायला कठीण होतं.

मार्चमध्ये वस्तादांचा निरोप आला. इंजिनं तशीच ठेवली तर आतलं एरंडेल डिंकासारखं घट्ट होतं, ती साफ करून ठेवायला पाहिजेत. मी म्हटलं, आता ती कोण चालवणार आहे? पण ते आले. प्रयोगशाळेत स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मला म्हणाले, "हात तुमचे. मी सांगतो."

मग त्यांनी सांगितलं आणि मी केलं. टाकी रिकामी. नळी काढा. प्लग उघडा. दोन थेंब तेल. पंखा फिरवा, हळू. "काय लागतंय बोटाला?"

"अडकतंय जरासं."

"आनखी फिरवा. मोकळं हुईल."

सात इंजिनं होती. प्रत्येक कापडात गुंडाळून, सुतळीनं बांधून आम्ही डब्यात ठेवलं. गाठी मारायला मला वेळ लागत होता. ते एकदाही पुढे वाकले नाहीत, एकदाही म्हणाले नाहीत की द्या इकडे. काम संपल्यावर मी बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी पुसले नाहीत. पुसायचे तर हात काढावे लागले असते.

त्यानंतर त्यांचं नगरमध्ये राहणं अवघड झालं. जिना चढवेना, घोट गिळताना ठसका लागे. मिरजगावला भावाचं घर होतं, तिथे दोघं गेले. मी सुटीत जाऊन येई. दरवेळी ते आणखी बारीक झालेले, आवाज आणखी खाली गेलेला. आधी वाटीतून जेवत, मग भाभी भरवू लागल्या. भरवून घेताना त्यांना माझी लाज वाटे, म्हणून मी त्या वेळी उठून ओसरीवर जाई. एकदा त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पोरं भेटत्यात का?" मी सांगितलं, एक मुलगी इंजिनिअरिंगला गेली, तिनं तुमची आठवण काढली. त्यांनी काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. भाभींनी कान लावून ऐकलं आणि सांगितलं, "म्हणतायत, तिची वेणी लांब हुती."

शेवटच्या भेटीत ते बोललेच नाहीत. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. तो माझ्या तळव्याखाली सारखा धडपडत राहिला, मुठीत पकडलेल्या पाखरासारखा. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली. मला वाटलं दमले. आता वाटतं, माझं बोट दिसत होतं म्हणून असेल.

फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मिरजगावला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती आणि पुरुष मंडळी त्यांना घेऊन गेली होती. आत बायका बसल्या होत्या. भाभींनी मला शेजारी बसवून घेतलं. त्या रडत नव्हत्या. एकसारख्या आवाजात सांगत होत्या, जणू मी विचारलं होतं.

"झोपले की हात थांबायचे बघा त्यांचे. जागेपनी एक घटका उसंत न्हाई, पन डोळा लागला की बंद. दुपारी जरा झोपायचे, तवा मी सगळी कामं टाकून उशाला बसायची. नुसती हात बघत. लगीन झालं तवा हुते तसे दिसायचे."

कुणीतरी पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"आज सकाळी चहा घिऊन गेले. बघितलं तर हात एकदम शांत. म्हटलं, झोप लागलीया, कशाला उठवायचं. चहा झाकून ठिवला आन बसले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लई वेळ बसले हो मी. चांगलं वाटत हुतं."